गाडीचं मेण आणि वन्संच्या टाचा

ती. वन्सं,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार, आणि डोकं तिथे गेलंच आहे तर विचारून घेते, टाचा कशा आहेत? (चेष्टा करत नाही. टाचांचा विषय पुढे पुन्हा येणार आहे, तेव्हा काय रागवायचं ते आत्ताच रागवून घ्या.) मागच्या फोनवर म्हणालात की पुन्हा भेगा पडल्या आहेत, जमिनीवर पाय टेकवत नाही. मी म्हटलं, मग आपलं ते नेहमीचं औषध लावा की, तर तुम्ही एकदम तुमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीविषयी बोलायला लागलात. टाकी स्वच्छ करून झाली असेल आणि सूनबाईंची कंबरही आता सरळ झाली असेल, असं धरून चालते.

मी बरी आहे. म्हणजे कोणी विचारलं तर "बरी आहे" म्हणण्याइतकी बरी आहे. जेवते, फिरते, वाचते. वाचनालयातल्या बाई आता मला पुस्तक शोधून देत नाहीत, सरळ कपाटाची किल्लीच देतात. स्वयंपाक अजून दोघांचा होतो, कारण हाताला सांगितलेलं कळत नाही. उरलेलं मी दुसऱ्या दिवशी खाते आणि त्या दिवशी स्वयंपाकाला सुट्टी. सुट्टीच्या दिवशी काय करायचं, हे मात्र अजून ठरलेलं नाही.

पत्राला कारण गाडी. आपली निळी गाडी. "आपली" म्हणायची पद्धत होती, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं की गाडी यांची आणि आम्ही सगळे गाडीचे. दर दोन महिन्यांनी एका रविवारी तिला मेण लागायचं. आधी धुवायची, मग टिपून कोरडी करायची, मग हे तळहाताएवढ्या स्पंजावर मेण घेऊन डावा हात गोल गोल फिरवत पुढे जाणार आणि मी मागून फडकं घेऊन पुसत येणार. मेण सुकून पांढुरकं झालं की पुसावं लागतं. जास्त वेळ राहिलं तर असं धरून बसतं की त्यापेक्षा पाहुणे बरे. म्हणून एकाने लावायचं आणि एकाने पुसायचं. इतक्या वर्षांत कामाची अदलाबदल एकदाही झाली नाही. मी एकदा म्हटलं होतं, आज मी लावते, तुम्ही पुसा. तर म्हणाले, "तू लावशील गं, पण तुझ्यासारखं पुसणार कोण?" ही स्तुती होती की चाल, यावर मी पुढचे दोन दरवाजे पुसून होईपर्यंत विचार केला, आणि मग कळलं की चौथाही पुसून झाला आहे.

एवढी जपलेली गाडी चालवायची मात्र नाही. मेण नवं असताना धूळ बसेल म्हणून नाही. थोडं जुनं झालं की पाऊस येईल असं वाटतंय म्हणून नाही. आणि त्यानंतर, आता पुन्हा मेणाला आलीच आहे तर कशाला, म्हणून नाही. तुमच्या नातीच्या लग्नाला आम्ही बसने आलो, माझ्या पदराला कोणाच्या तरी पिशवीतल्या तेलाचा डाग, आणि तुम्ही दारातच विचारलंत, "का रे, गाडी बिघडली का?" तर तुमचे बंधुराज अभिमानाने म्हणाले, "छे, चकचकीत आहे!"

आता टाचा. (गिळलात ना राग?) मेण हे स्वतःच करायचे. कुठल्या तरी जुन्या रंगाऱ्याकडून कृती मिळाली होती. दोन प्रकारची मेणं आणि टर्पेंटाईन, पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं. उन्हाळ्यात ते पातळ होतं म्हणून बरणी फ्रीजच्या दारात, लोण्याशेजारी. तुम्ही राहायला आला होतात आणि झोपताना टाचांना लावायला काही आहे का म्हणून तुमचं तुम्हीच शोधलंत. सकाळी चहाला बसल्यावर म्हणालात, "हे कुठलं क्रीम गं? वासाला जरा औषधी आहे, पण टाच बघ, बाळाच्या गालासारखी!" यांचा कप हवेतच थांबला. मी मनात म्हटलं, आता हे तुम्हाला काय सांगणार. पण हे गंभीरपणे म्हणाले, "अक्का, आता पाण्यात पाय घालून बघ. थेंब उभे राहतील." दुसरी कोणी असती तर लाजली असती. तुम्ही बादलीत पाय घालून पाहिलेत, थेंब उभे राहिले, आणि जाताना बरणीभर मेण मागून घेतलंत. यांनी बरणी काठोकाठ भरली आणि वर कागदाची पट्टी चिकटवली: "अक्का. फक्त मागची चाकं."

हे गेल्यापासून गाडी आच्छादनाखाली होती. मी तिकडे बघतच नव्हते. पार्किंगमधून जाताना लोक फुलांच्या कुंड्यांकडे बघतात तशी मी समोरच्या पाण्याच्या मीटरकडे बघत जायचे. (मीटर मला आता पाठ आहे.) पण मांजरीने आच्छादनाखाली चाकापाशी संसार थाटला आणि वॉचमन म्हणाला, काकू, पिल्लं आहेत, काढावं लागेल. पिल्लं हलवली, आच्छादन काढलं, आणि नुसतं बघावं म्हणून मगभर पाणी बॉनेटवर टाकलं. वन्सं, थेंब उभे राहिले. गोल, गुबगुबीत, एकमेकांपासून अंतर राखून, जसे हे प्रत्येक वेळी मला हाक मारून दाखवायचे तसेच. मला इतका आनंद झाला की मी आणखी मगभर टपावर टाकलं. तिथे पाणी नुसतं पसरलं. टपाचं मेण गेलं होतं.

यांचे कपडे दिले, चष्मा दिला, बूट दिले, तेव्हा मी किती धीराची म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. टपावर पाणी पसरलं तेव्हा मला खाली बसावं लागलं. वॉचमनला वाटलं चक्कर आली. त्याने धावत खुर्ची आणली. खुर्चीला तीनच पाय होते. पुढचं लिहीत नाही, पण त्यानंतर मांजरीने पिल्लं स्वतःच आणखी लांब नेली.

ही हकीकत मी तुमच्या भाच्याला फोनवर सांगितली (खुर्चीपर्यंतची). तो म्हणाला, "आई, मेण जुन्या काळातलं झालं. हल्ली सीलंटचं लेपन मिळतं, ते लाव. एकदा लावलं की वर्षभर बघायला नको." मुलगा गुणी आहे, त्यात शंका नाही. लांब राहून तो माझं एकेक काम कमी करत असतो. भांडी घासायचं यंत्र पाठवलं. त्यात माझं एक ताट, एक वाटी आणि एक पेला ठेवला की यंत्राकडे बघून मलाच वाईट वाटतं. फरशी पुसणारी एक चकती पाठवली. ती पलंगाखाली जाऊन अडकते आणि मी ओणवी होऊन तिला बाहेर काढते, तेव्हा व्यायाम मात्र होतो. या सगळ्याने वेळ वाचतो, असं त्याचं म्हणणं. वाचलेला वेळ ठेवायचा कुठे ते तो सांगत नाही. माझ्याकडे आधीचाच इतका पडून आहे.

पण "जुन्या काळातलं" म्हटलेलं मला लागलं, म्हणून मी वाचायला घेतलं. मला शिकवायला कोणी नव्हतं तेव्हापासून माझी हीच रीत आहे: ज्या शब्दाची भीती वाटते त्याच्याविषयी जे मिळेल ते वाचायचं. तर, आपल्या मेणात जे कडक मेण असतं ते एका ताडाच्या पानांवरचं. भाजून काढणाऱ्या उन्हात आपलं पान वाळू नये म्हणून ते झाड स्वतःसाठी मेण तयार करतं आणि माणसं ते खरवडून आणून गाडीला लावतात. सीलंट कारखान्यात होतं. त्याच्या कणांच्या लांबच लांब साखळ्या असतात. हे मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांनी समजावलं. (सर जन्मभर रसायनशास्त्र शिकवत होते. आता शिकवायला कोणी नाही म्हणून लिफ्टमध्ये शिकवतात. लिफ्ट दोन वेळा वरखाली झाली तेव्हा साखळी पूर्ण झाली.) ते म्हणाले, "मेण रंगावर नुसतं बसतं हो. सीलंट रंगाचा हात धरतं."

सर बोलून थांबणारे नव्हेत. म्हणाले, प्रयोग करू. माझ्या कचऱ्याच्या डब्याचं स्टीलचं झाकण घेतलं, मधोमध चिकटपट्टी लावली, एका बाजूला बाजारातलं मेण, दुसऱ्या बाजूला सीलंट, आणि झाकण उन्हात. मग रोज संध्याकाळी सर हातात पेला घेऊन माझ्या दारात. आम्ही दोघं वाकून झाकणावर पाणी ओतायचो आणि थेंबांकडे बघायचो. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी आठवडाभर धीर धरला आणि मग विचारलं, "काही विधी आहे का?" खरं सांगायचं तर त्या पेल्यामुळे संध्याकाळ बरी जायची. निकाल सांगते, पक्षपात न करता: मेणाची बाजू आधी सुंदर दिसली, ओल्या दगडासारखी खोल, आणि मग उन्हाने हळूहळू हरली. सीलंटची बाजू काचेसारखी कोरडी चकाकत राहिली आणि अजून चकाकते आहे. सर जिंकले. जिंकल्यामुळे आता येत नाहीत. माझ्या कचऱ्याच्या डब्याइतकं देखणं झाकण अख्ख्या इमारतीत नाही.

तेव्हा सीलंट, असं मीही मनाशी ठरवत आणलं होतं. मुलाने परस्पर एक पॉलिशवाला ठरवला. तो काळे हातमोजे घालून आला, खिशात विजेरी, डॉक्टरसारखा गाडीभोवती फिरला, आणि दरवाजावर बोट घासून म्हणाला, "कोणीतरी वर्षानुवर्षं मेण थापलंय." मी म्हटलं, थापलं नाही, लावलंय. तो म्हणाला, "तेच ते. सीलंट लावायचं तर हे सगळं मुळापासून काढावं लागेल. सीलंटला उघडा रंग लागतो, मेणावर ते धरत नाही." मी काही बोलायच्या आत त्याने कसलीशी फवारणी करून मागच्या डाव्या दारावर फडकं फिरवलं, नमुना म्हणून. वीतभर जागा. मग पाणी टाकून दाखवलं. तेवढ्या जागी पाणी पसरलं आणि बाजूला, चारी बाजूंनी, थेंब उभे. "बघा मॅडम, किती स्वच्छ," म्हणाला.

स्वच्छच होतं. त्या वीतभर जागेवर कोणी कधी हात फिरवल्याचं चिन्हही नव्हतं. मी त्याला चहा दिला, चहाबरोबर बिस्किटं दिली आणि म्हटलं, मला माझ्या नणंदेला विचारावं लागेल. तो म्हणाला, त्यांची गाडी आहे का? मी म्हटलं, मागची चाकं त्यांची आहेत. यावर तो बिस्किट अर्धं टाकून गेला. पुढच्या रविवारची वेळ मात्र देऊन गेला.

मग मी जरा वेडेपणा केला. मला वाटलं, पॉलिशवाले काढायचंच म्हणणार, त्यांचा धंदाच तो. पण थंडीत आपण स्वेटरवर शाल घेतो की नाही? तसं मेणावर सीलंट का नाही? बाजारातून छोटी बाटली आणली आणि मागच्या डाव्या दाराजवळच, त्या वीतभर जागेपासून लांब नको म्हणून, जुन्या मेणावर चोळली. पॉलिशवाला खरं बोलत होता. ते धरेना, पसरेना, पुसलं की फराटे, पुन्हा पुसलं की आणखी फराटे. गाईने दार चाटल्यासारखं दिसायला लागलं. वॉचमनने येऊन पाहिलं आणि मला खुर्ची हवी का विचारलं.

मग विचार केला, यांचं मेणच करू. फ्रीजमधली बरणी केव्हाच संपली आहे आणि कृती कुठे लिहिलेली नाही. माझ्या स्वयंपाकाला "चिमूटभर म्हणजे किती, मूठभर म्हणजे कोणाची मूठ" असं टोचून बोलणारा माणूस मेण मात्र अंदाजाने करायचा. मीही अंदाजाने केलं. टर्पेंटाईनच्या वासाने समोरच्या बाई विचारायला आल्या, कुठला रंग देताय म्हणून. थंड झाल्यावर पाहिलं तर ढवळायचा चमचा त्यात ताठ उभा. तो अजून तसाच उभा आहे. भांड्यासकट उचलला जातो. मी त्याला टेबलावर ठेवलंय. बोलत नाही, पण समोर असतो.

एवढं सगळं झाल्यावर शहाण्या माणसासारखा विचार केला. मुलगा म्हणतो ते बरोबर आहे. सर म्हणतात ते बरोबर आहे. पॉलिशवालाही बरोबर आहे. गाडी उन्हापाण्यात तशीच ठेवली तर टपाचा रंग उडेल, आणि मग तिला ना मेण वाचवेल ना सीलंट. गाडी सांभाळायची म्हणजे तिच्यावरचा हात सांभाळायचा नव्हे, हे मला कळतं. तेव्हा रविवारी पॉलिशवाल्याला येऊ द्यायचं, त्याला जे काढायचं ते काढू द्यायचं, सीलंट लावायचं आणि वर्षभर बघायचं नाही, असं ठरवलं आहे. तुम्हाला फक्त कळवावं म्हणून एवढं लिहिलं. काळजी करू नये. मी बरी आहे.

सूनबाईंना आशीर्वाद, मुलांना पापा.

तुमची,
भावजय

ता.क. पॉलिशवाल्याला काल फोन करून रविवारी येऊ नको म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर म्हटलं, नणंदेचं उत्तर आलं नाही. (पत्र अजून टाकलेलं नाही, म्हणजे हे खोटं नाही.)

ता.क. दुसरा. वाचता वाचता आणखी एक कळलं. मेणावर सीलंट चालत नाही, पण मेणावर मेण चालतं. खालचं न काढता वर नवं लावता येतं, कितीही थर. कोणाला काही पुसून टाकावं लागत नाही. बाजारातलं मेण माझ्याकडे आहे, ते लावता आलं असतं. पण त्याला केळ्याचा वास येतो. सगळ्या गाडीला नाही, पण निदान त्या वीतभर जागेला यांच्याच हातचं मेण लागावं, असं मनात येतं.

ता.क. तिसरा. वन्सं, तुमच्या टाचा भेगाळल्यात आणि तुम्ही औषध लावत नाही. विचारलं की टाकीविषयी बोलता. मला टाकीचं काय ते त्याच वेळी कळलं होतं. बरणीच्या तळाशी थोडं उरलं असेल, आणि संपू नये म्हणून तुम्ही झाकण उघडत नसाल. मीही यांची दाढीच्या साबणाची वडी अशीच ठेवली आहे, तेव्हा मला सांगायला लाजू नका.

ती बरणी घेऊन या. पार्सल करू नका, फुटेल. आणि नुसती बरणी येऊन उपयोग नाही. मला फक्त पुसता येतं. लावायला कोणीतरी पुढे लागतं, आणि डाव्या हाताने गोल फिरवणारी घरात तुम्ही दोघंच होतात. रविवारची वेळ आता रिकामीच आहे. तुम्ही लावत पुढे जा, मी मागून येते.

आणि माझा अंदाज चुकला असेल, मेण केव्हाच संपून तुम्ही बरणी घासून तिच्यात साखर भरली असेल, तर तसं कळवू नका. नुसत्या या.